मनोरुग्णालयातली मारहाण: कॅमेऱ्याने थांबेल की नोंदवहीने?

आडवाट:
सरकारी मनोरुग्णालयात रुग्णाला मारल्याचा किंवा बांधून ठेवल्याचा आरोप झाला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. एखादा कक्षसेवक निलंबित, चौकशी समिती, आणि 'सर्वत्र सीसीटीव्ही' ही घोषणा. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातल्या सगळ्या ४६ सरकारी मनोरुग्णालयांच्या दयनीय अवस्थेवर नोटिसा काढल्या. एवढ्या ठिकाणी एकाच वेळी वाईट माणसं भरती झाली नसणार.

माझं म्हणणं, कॅमेरा राहू द्या, आधी बांधणीची नोंद मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९७: तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच बांधायचं, तेही प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. कसं, का, किती वेळ हे लगेच केसपेपरवर लिहायचं. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (त्याच्या वतीने निर्णयात साथ देणाऱ्याला) २४ तासांत कळवायचं. दर महिन्याला सगळ्या नोंदी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे याच कायद्याखाली रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाकडे, पाठवायच्या. एकांत कोठडीला तर सरळ बंदी. किती मंडळांनी हा मासिक अहवाल हातात घेऊन प्रश्न विचारलेत?

रात्रपाळी:
कलमं पाठ असणं सोपं आहे. धरा, रात्रीचे दोन वाजलेत. कक्षात पन्नास जण, दोन कक्षसेवक, आणि एकच सिस्टर दोन कक्ष बघतेय. एकाने शेजाऱ्याच्या डोक्यात थाळी घातली. माणूस सुरक्षितपणे धरायला पाच जण लागतात: चार हातापायांना, पाचवा डोक्यापाशी, श्वास बघायला आणि रुग्णाशी बोलत राहायला. दोघांनी धरलं की ओढाताण होते, कुणाचा तरी गुडघा छातीवर येतो आणि बरगडी जाते. सकाळी बातमी 'बेदम मारहाण'.

आडवाट:
पाच लागतात, मान्य. पण केवळ कर्मचारी कमी म्हणून बांधता येणार नाही, हेही त्याच कलमात आहे. तुम्ही लिहिता काय? 'रुग्ण आक्रमक, सबब बांधले.' त्याजागी 'पाळीत हजर दोन, हवे होते पाच' असं लिहा. तो कागद तुमच्याच बाजूने बोलेल. आज रिक्त पदांचं पाप निलंबनाच्या रूपाने कक्षसेवकाच्या माथी येतं, कारण वहीत पदांचा उल्लेखच नसतो.

चौकस:
वही लिहितो कोण? बांधणाराच. 'बांधले १०.००, सोडले १०.३०', महिनाभर रोज तेच, एकाच पेनाने. मनगटावरचा वळ मात्र अर्ध्या तासाचा नसतो. कॅमेरा खोटं लिहीत नाही.

फणी:
कॅमेरा लावणार कुठे? सगळ्यात जास्त हाल न्हाणीघरात होतात. रांगेत उघडं उभं करून पाइपने पाणी मारणं, ढकलणं. तिथे कॅमेरा लावला तर तोच खासगीपणाचा भंग.

आणि डोकी भादरणं. कलम २० म्हणतं, सक्तीने मुंडण नाही, रुग्णाला हवे असतील तर स्वतःचे कपडे. कारण विचारलं की 'उवा'. उवांवर १ टक्का परमेथ्रिन ओल्या केसांना लावायचं, १० मिनिटांनी धुवायचं, बारीक फणी फिरवायची, आठवड्याने पुन्हा. लांब केसांना प्रत्येकी अर्धा-पाऊण तास जातो. न्हावी तेवढ्यात अख्खा कक्ष उरकतो. खरं कारण ते.

मात्रा:
तुम्ही सगळे पट्ट्यांवर अडलात. बांधणीची वही कोरी असूनही रुग्ण लाळ गाळत, लाकडासारखा ताठ बसलेला दिसतो. हॅलोपेरिडॉल हे उन्माद शमवणारं औषध ५ मिलिग्रॅम, सोबत गुंगी आणणारं प्रोमेथाझिन, स्नायूत. भडकलेल्या माणसाला हे इंजेक्शन देणं चूक नाही. चूक पुढे होते. हॅलोपेरिडॉलने काहींना अकाथिझिया होतो, म्हणजे आतून इतकी तगमग की एका जागी बसवत नाही. माणूस येरझाऱ्या घालतो, विनवण्या करतो, मध्येच चिडतो. कक्षसेवक सांगतो 'परत वायलंट झाला', आणि दुसरं इंजेक्शन पडतं. खरं तर मात्रा कमी करून, ही तगमग शमवणाऱ्या प्रोप्रानोलॉलचा विचार व्हायला हवा. कलम ९७ बोलतं ते शारीरिक बांधणीबद्दल. औषधाने बांधलेला मोजतच नाहीत.

कलमवाली:
गर्दीचा मुद्दा सुटलाय. स्वतः निर्णय घ्यायला दुसऱ्याच्या बऱ्याच आधाराची गरज असलेला रुग्ण कलम ८९ खाली जास्तीत जास्त ३० दिवस. भरतीची खबर मंडळाला ७ दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. पुढचा मुक्काम कलम ९० खाली, मंडळाच्या मान्यतेने. बरे झालेले तरी वर्षानुवर्षं खाटा अडवून असतात, कारण घरचे नेत नाहीत. महाराष्ट्राने त्यावर काढलेला उपाय म्हणजे त्यांना भिक्षेकरीगृहात, वृद्धाश्रमात हलवणं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवायला सांगावं लागलं. रात्रपाळीच्या त्या पन्नासांत असे किती, हे आधी मोजा.

रात्रपाळी:
हे पटलं. पण परवानगीचं सांगा. रात्री दोनला मनोविकारतज्ज्ञ घरी असतात. सही सकाळी होते, आणि चौकशीत तीच 'मागाहून केलेली नोंद' ठरते.

आडवाट:
मग तसंच लिहा: 'फोनवर आदेश, २.१०', ऐकणाऱ्या दोघांची नावं. डॉक्टर सकाळी सही करतील ती सकाळचीच वेळ घालून. पट्टी रुंद, कापडी, खाली दोन बोटं जातील इतकी सैल. चादरीची वळी नको, ओढली की आवळते. पालथं कधीच नाही, श्वास कोंडतो. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग आणि श्वास बघा, पाणी विचारा. गाठ एका हिसक्यात सुटली पाहिजे. २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रयगृहाला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ जण गेले.

चौकस:
ठीक. मग कॅमेरा कक्षाच्या दाराशी लावा आणि त्यातली वेळ वहीतल्या वेळेशी ताडून बघा. महिन्याला दहा नोंदी, मंडळाने स्वतः निवडलेल्या. आणि डिस्क भरून जुनं चित्रीकरण पुसलं जायच्या आत.

रात्रपाळी:
ताडा. फक्त त्या रात्रीचं हजेरीपत्रकही शेजारी ठेवा.