अनुभव धागा: चित्रकथाकाराचं सुरुवातीचं, पदरचे पैसे घालून छापलेलं काम वाचताना

पेन्सिलवाली
लेक 'बोन' या चित्रकथा मालिकेची वेडी. रंगीत नऊही भाग दोनदा वाचून झालेत. म्हणून 'थॉर्न' मागवलं. जेफ स्मिथने १९८२ ते ८६ मध्ये आमच्या इथल्याच (कोलंबस, ओहायो) विद्यापीठाच्या विद्यार्थी दैनिकात, 'द लँटर्न'मध्ये काढलेल्या स्ट्रिप्स. ती शाळेत गेली आणि मीच वाचत बसले. फोन बोन, थॉर्न, आजी, सगळी मंडळी तेव्हापासूनची! हात मात्र अजून बसायचाय. आणि याच माणसाने १९९१ मध्ये स्वतःचं प्रकाशन काढून 'बोन' काळ्यापांढऱ्यात छापायला घेतलं. बायको विजया अय्यर नोकरी सोडून व्यवहार बघायला लागली. २००४ पर्यंत ५५ अंक.

वाचता वाचता आमचा दादा आठवला. सातवीत त्याने सोळा पानांची चित्रकथा काढली होती, कार्बन घालून तीन प्रती. वाचायचे दहा पैसे. तिसरी प्रत इतकी फिकी की माणसांचे डोळेच उमटले नव्हते. धाकटी म्हणून तीच माझ्या वाट्याला. मग मी पेन्सिलीने सगळ्यांना डोळे काढले. दादा रागावला नाही. म्हणाला, हा आता हसतोय बघ.

दादाला जाऊन चार वर्षं झाली. ती प्रत माझ्याकडे आहे.

तुम्ही वाचलंय का कुणाचं असं अगदी पहिलं काम? लिहा ना.

खारीचहा
निन्जा टर्टल्स!! कुकर लावून लिहितेय. टीव्हीवरचे पिझ्झावाले टर्टल्स बघून वाढलेली मी, पहिल्या अंकाची नवी आवृत्ती हातात आली आणि हादरलेच. काळापांढरा, अंधारा, आणि खलनायक श्रेडर पहिल्याच अंकात मरतो! रंग नाहीत, त्यामुळे कोण कोण ते हातातल्या शस्त्रावरून ओळखायचं. १९८४ मध्ये डोव्हर, न्यू हॅम्पशायरमध्ये दोन मित्रांनी काढला. एकाच्या काकांकडून उसने पैसे घेतले होते, प्रती सुमारे ३०००. त्या काकांचं मला फार कौतुक वाटतं. तिसरी शिट्टी झाली, पळते.

निशिगंध
पेन्सिलवाली ताई, डोळे भरून आले. दुसरं काही लिहीत नाही आत्ता.

लिंबूटिंबू
'बोन' आमच्याकडेही सुरू आहे. ते दोन उंदीर राक्षस 'क्विश'वरून भांडतात, तर क्विश म्हणजे नक्की काय? लेकाने विचारलंय.

सातपुडा
स्वखर्चाचं म्हणता येणार नाही, पण आठवलं म्हणून लिहितो. ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज', १९९४, 'कल्पवृक्ष' या पर्यावरण संस्थेने काढलेलं. नर्मदेच्या धरणावरचं. आम्ही शहादा भागातले, बाबा शिक्षक. धडगावकडची बुडिताची गावं त्यांच्या रोजच्या बोलण्यात. कॉलेजात असताना पुस्तक कुठेच मिळेना, शेवटी एका मित्राकडून झेरॉक्स मिळाली. तीही झेरॉक्सची झेरॉक्स. नदीचं पाणी जिथे दाट काळं, तिथे नुसता डाग. तरी त्यातला गायक, मालगू गायन, गायला बसतो ती पानं मी बाबांना मराठीत सांगत सांगत दाखवली. ते एवढंच म्हणाले, असंच गातात रे. २०२२ मध्ये चेन्नईच्या 'ब्लाफ्ट'ने पुन्हा छापलं, लगेच घेतलं. पाणी आता स्वच्छ दिसतं. पण बाबांचं बोट ज्यावर फिरलं ती झेरॉक्स कपाटात वेगळी ठेवलीय.

खारीचहा
@लिंबूटिंबू मैद्याची पारी ताटलीत थापायची, आत अंडी-दूध-चीज फेटून ओतायचं, पालक घातला तर उत्तम, आणि ओव्हनमध्ये. पोरं खातात.

पेन्सिलवाली
सातपुडा, 'असंच गातात रे' हे दिवसभर डोक्यात राहणार.

गच्चीवर
चित्रकथाकार एड्रियन टोमिनेच्या 'ऑप्टिक नर्व्ह' अंकांची पेटी. सॅक्रामेंटोमध्ये शाळकरी वयात, १९९१ पासून, हा मुलगा फोटोकॉपी करून अंक काढायचा. असे सात. १९९५ मध्ये एका प्रकाशकाने एकत्र पुस्तक केलं. २००९ मध्ये मात्र त्याच सात पुस्तिका जशा होत्या तशा छापून पेटीत घालून दिल्या. माझ्या मते हेच बरोबर. गुळगुळीत जाड पुस्तकात ती कच्ची पानं उपरी वाटतात. पातळ पुस्तिका हातात घेतली की एकटा मुलगा घडी घालतोय, पिना मारतोय, हे दिसतं. ते वाचून मी वयाच्या ४१व्या वर्षी आठ पानी अंक काढलाय. २० प्रती. नेहमीचा स्टेपलर मधोमध पोचतच नाही, त्यामुळे सध्या सुईदोऱ्याने शिवतोय.

निशिगंध
अरे वा! एक प्रत माझी. पैसे देऊनच घेणार.

आजोबा_पुणेकर
लेकाकडे कोलंबसला येतोय पुढच्या महिन्यात. काय बघावं?

पेन्सिलवाली
काका, विद्यापीठातलं बिली आयर्लंड कार्टून संग्रहालय नक्की बघा, प्रवेश फुकट आहे. 'कॅल्विन अँड हॉब्ज' या गाजलेल्या स्ट्रिपची मूळ चित्रं त्यांच्याच संग्रहात असतात. आणि आमच्याकडे जेवायला या.

अजून एक. काल लेकीला दादाची प्रत दाखवली. बराच वेळ बघून म्हणाली, आई, डोळे दुसऱ्या कुणीतरी काढलेत ना?

आजोबा_पुणेकर
येतो हो. @गच्चीवर, लांब हाताचा स्टेपलर अप्पा बळवंत चौकात मिळेल. कुठे राहता कळवा, येताजाता घेऊन ठेवतो.