ह्यांचं कार्ड माझ्याकडे आहे, आणि ते परत देऊ नये असं माझं मत आहे

ओसरीवाली

आम्ही इंदूरला, सुदामा नगरात राहतो. ह्यांना बायपोलर आहे, म्हणजे मन कधी उधाणावर, कधी पार तळाला नेणारा आजार. मागच्याच्या मागच्या दिवाळीत, पुष्य नक्षत्राच्या दिवशी हे सकाळी पोहे-जिलबी आणायला गेले आणि दुपारी टेम्पो घेऊन आले. टेम्पोत शिवणयंत्रं होती, चौदा. गरजू बायकांना शिवण शिकवायचं आणि त्यांच्याकडून शाळांचे गणवेश शिवून घ्यायचे, असा बेत. बेत वाईट नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटतं. तीन रात्री झोप नाही, तरी चेहरा ताजा. बोलणं इतकं भरभर की सासूबाई म्हणाल्या, "अरे, श्वास तरी घे."

पाच दिवसांत दोन ॲपवरून कर्ज काढलं, क्रेडिट कार्ड मर्यादा संपेपर्यंत वापरलं, मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडली. सगळं मिळून ५ लाख ४० हजार. पुढे औषध लागू पडलं, झोप आली, आणि मग दुसरं टोक. तीन महिने हे ओसरीत त्या खोक्यांकडे पाठ करून बसायचे. दुकानदाराने सहा यंत्रं कमी किमतीत परत घेतली. आठ अजून आहेत, सोलापुरी चादरीखाली. प्रत्येकाच्या हातचाकाला पिवळं लेबल बांधलंय, त्यावर ह्यांच्या अक्षरात एकेका बाईचं नाव. ती नावं कुठून आणली ते आता ह्यांनाही आठवत नाही.

तेव्हापासून कार्ड, चेकबुक, यूपीआय, सगळं मी सांभाळते. सोळा महिने हे छान आहेत, नोकरी नीट चालू आहे. रविवारी म्हणाले, "कार्ड दे." मी नाही म्हटलं. साखर असलेल्या माणसासमोर आपण पेढ्यांचा डबा उघडा ठेवत नाही. कर्जाचा हप्ता अजून चौदा महिने जायचाय आणि त्यातला अर्धा माझ्या शिकवण्यांतून जातो. सासूबाई म्हणतात मी नवऱ्याचा मान ठेवत नाही. मला वाटतं, मी घर राखतेय. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट सांगा.

नऊ वर्षं गोळीवर

ताई, मी तुमच्या ह्यांच्या जागी बसलेला माणूस आहे. लिथियम, नऊ वर्षं. तुम्ही सोसलंय ते थोडं नाही, तरीही तुमचं मत मला पटत नाही.

माझं कार्ड तीन वर्षं वडिलांकडे होतं. रोज सकाळी शंभर रुपये मिळायचे. मित्राबरोबर छप्पन दुकानला खायला जायचं तर बिल कोण देणार हे आधी मनात ठरवून निघायचं. केस कापायला पैसे मागताना मी एकेचाळीस वर्षांचा होतो. त्याचा परिणाम काय झाला ते ऐका. पुढच्या खेपेला झोप कमी व्हायला लागली, डोक्यात बेत धावायला लागले, तेव्हा ते सगळ्यात आधी मला कळलं. पण मी घरात बोललो नाही. बोललो की कार्डामागोमाग गाडीची किल्लीही जाणार हे माहीत होतं. दहा दिवस लपवलं आणि शेवटी बाणगंगेच्या मनोरुग्णालयात दाखल व्हावं लागलं. सुरुवातीलाच सांगितलं असतं तर कदाचित गोळीचा डोस वाढवूनच भागलं असतं.

पेढ्यांची उपमाही जुळत नाही. साखर रोजची असते. तेजी, म्हणजे आजारातलं उधाण, काही आठवड्यांची, त्यासाठी बारा महिने कुलूप लावता तुम्ही.

रामबागेतला भाऊ

मानाने हप्ता भरला जात नाही.

माझा थोरला भाऊ. तो सतरा महिने उत्तम होता, म्हणून आम्ही सगळं त्याच्या हाती परत दिलं. आठव्या दिवशी त्याने आईच्या पाटल्या सराफ्यात गहाण टाकल्या आणि आलेला पैसा शेअर बाजारात ऑप्शनमध्ये घातला. पाटल्या सुटल्या नाहीत. आई त्यानंतर दीड वर्ष होती, मोकळ्या मनगटांनी. दादा बरा झाल्यावर तिच्या हातांकडे बघायचा नाही.

तेजीत माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही, उलट आजच खरे शुद्धीवर आलो असं वाटतं. बऱ्या दिवसांत दिलेला शब्द त्या दिवसांत कोण पाळणार? ज्याने शब्द दिला तो माणूस तेव्हा घरात नसतो. ताई, कार्ड देऊ नका.

तिलक नगरातली

बायपोलर मला आहे, कार्ड नवऱ्याकडे आहे. मी साडी घेतली की तेजी, नणंदेने घेतली की हौस. मागच्या पाडव्याला चांदीची छोटी वाटी घेतली तर मला डॉक्टरांकडे नेऊन उभं केलं. डॉक्टरांनी झोप विचारली, बोलण्याचा वेग पाहिला आणि म्हणाले, "यांना काही झालेलं नाही, यांना वाटी आवडली."

तेजी आहे हे कोण ठरवणार, हा प्रश्न इथे कुणीच विचारला नाही. खर्चावरून ती ओळखू नका. झोप बघा. चार तास झोपून दिवसभर टवटवीत, फोनवर फोन, एकदम चार बेत, तेव्हा काळजी करा. आणि घरात वाद पेटला, काय करावं सुचेना, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट.

जुना कॅशियर

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. दोन्हीकडचं वाचलं. भांडण कार्डावरून चाललंय, खरं काम खात्यात आहे.

ताई, आधी कटू बोलतो. दुसऱ्याचं कार्ड आणि पिन वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही, नवरा-बायको असलात तरी. उद्या काही गडबड झाली तर बँक हात वर करेल. त्यापेक्षा असं करा. पगार त्यांच्या खात्यातच येऊ द्या. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी स्थायी सूचना द्या. ते दुसरं खातं दोघांच्या सहीने चालणारं ठेवा, 'दोघांपैकी कुणीही' असं नको. दोघांच्या सहीच्या खात्यावर बहुधा एटीएम कार्ड मिळत नाही, इथे तेच आपल्या फायद्याचं. एफडीही तशीच, म्हणजे एकट्याला मोडता येणार नाही. पगार खात्यात उरेल तेवढंच त्यांच्या कार्डावर. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरची ऑनलाइन खरेदी स्वतःला बंद करता येते, मर्यादाही घालता येते. क्रेडिट कार्ड मात्र बंदच करा, त्यात दुसरं मत नाही.

ॲपच्या कर्जाबद्दल लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कर्जाला सुरुवातीची थोडी मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज-शुल्क भरलं की दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येतं. मुदत फार छोटी असते, त्यामुळे कळल्या दिवशीच हालचाल करा. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२ सांगतं की एरवी शहाणा असलेला माणूस भान सुटलेल्या अवस्थेत करार करू शकत नाही. पण ते कोर्टात सिद्ध करायचं तर त्याच दिवसांचा डॉक्टरांचा कागद लागतो. तो कागद फाइलला लावून ठेवत जा.

मुखत्यारपत्राच्या भरवशावर कुणी राहू नका. देणाऱ्याचं भान गेलं की आपल्याकडे ते संपतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हाच उपयोगाचं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रतिनिधी नेमता येतो, कसे उपचार हवेत आणि कोणते नकोत तेही आधी लिहून ठेवता येतं, पण तो उपचारांपुरता. पैशाच्या कारभाराची सोय १९८७ च्या जुन्या कायद्यात होती, कोर्टामार्फत. नव्यात ती नाही.

नऊ वर्षं गोळीवर

भाऊ, पाटल्यांचं वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. तोंडी शब्द तेजीत टिकत नाही, माझाही टिकला नव्हता. म्हणूनच काका म्हणतात तसं तो बँकेत बांधून ठेवायचा. पण बांधायचा त्या माणसाने स्वतः, बऱ्या दिवसांत. बाकी सगळ्यांनी मिळून त्याला बांधायचं, हे नको.

माझं आता असं चाललंय. खर्चाच्या खात्यात महिना बारा हजार. पाच हजारांवरची कुठलीही वस्तू दोन रात्री झोपून उठल्यावरच घ्यायची. दर तीन महिन्यांनी लिथियमची पातळी, किडनी, थायरॉइडचं रक्त द्यायला जातो, त्याच दिवशी बहिणीकडे जाऊन पासबुक तिच्यापुढे ठेवतो. तिने मागितलेलं नाही, मीच ठरवलंय. वडिलांनी हिसकावलं तेव्हा मी चोर होतो. बहिणीपुढे मी हिशोब दाखवणारा माणूस आहे. फरक एवढाच, पण मला तो रात्री झोप देतो.

रामबागेतला भाऊ

तुमचं जमलं, आनंद आहे. पण तीन महिन्यांनी पासबुक? ताईंकडे पाच दिवसांत सगळं संपलं होतं. आणि काका, बँकेत अडवलं तर माणूस ओळखीत हात पसरतो. दादाने माझ्या सासऱ्यांकडून साठ हजार आणले, मला वर्षाने कळलं. त्याला कुठली दोघांची सही अडवणार?

जुना कॅशियर

भाऊ, नाही अडवणार. ते खरं आहे. जवळच्या दोन-चार घरी आधी सांगून ठेवणं एवढंच हातात आहे, आणि तेही त्या माणसाने स्वतः सांगितलेलं बरं.

ओसरीवाली

काल रात्री जेवणं झाल्यावर मी हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं. आधी रागावले, घरची गोष्ट बाहेर का मांडली म्हणून. तो राग रास्त होता, मी माफी मागितली. मग पाटल्यांचं पुन्हा वाचायला सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. उठून कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर लिहायला बसले.

पहिलं लिहिलं: सलग दोन रात्री झोप चार तासांच्या आत असेल तर कार्ड मी आपणहून देईन, आणि सकाळी डॉक्टरांना फोन मी करीन, माझ्यादेखत कुणी केला तरी चालेल. दुसरं: क्रेडिट कार्ड नको, कर्जाचं ॲप नको. तिसरं: रात्री दहानंतर फोन देवघराशेजारच्या बोर्डावर. हे मला कधी सुचलं नव्हतं. दोन्ही कर्जं पहाटे तीनला काढली होती, हे ते काल लिहिताना मला म्हणाले. सोळा महिन्यांत मी त्यांना वेळ विचारलीच नव्हती.

चौथ्यावर अडलंय. त्यांनी लिहिलं: महिना सहा हजार माझे, हिशोब विचारायचा नाही. मी तीन म्हटलं. ते म्हणाले, आकडा तू ठरव, पण दुसरा अर्धा भाग खोडायचा नाही. मला अजून ते जमत नाहीये. भाऊ, तुमची भीती माझ्या पोटात आहेच, ती गेलेली नाही. चार हजारांपर्यंत आले आहे, पण चौथ्या कलमाखाली माझी सही नाही. माझ्या भावाला आणि दोन मित्रांना हे स्वतः फोन करणार आहेत, उसने देऊ नका म्हणून सांगायला. एकाला आज केला.

सोमवारी दोघं बँकेत जातोय. काका, दोघांच्या सहीचं खातं नवं उघडावं लागेल की माझ्याच खात्यात ह्यांचं नाव घालता येईल?

जुना कॅशियर

नवं उघडा, ताई. शिकवण्यांचं खातं तुमच्या एकटीचंच राहू द्या. दोघांचं आधार, पॅन आणि दोन-दोन फोटो न्या. फॉर्मवर व्यवहार कसा चालवायचा त्या रकान्यात 'दोघांनी मिळून' यावरच खूण करा, काउंटरवरचा मुलगा सवयीने दुसरीकडे करून टाकतो.