मदत हवी आहे: रॅक्सएमएल-एनजी 32 थ्रेडवर उलट हळू चालतंय

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात लॅबच्या सर्व्हरवर रॅक्सएमएल-एनजी (डीएनएवरून वंशवृक्ष काढणारं सॉफ्टवेअर) वापरून सह्याद्रीतल्या सेरोपेजिया वनस्पतींचा वंशवृक्ष काढतोय. 312 नमुने, अलाइनमेंटमध्ये (एकाखाली एक जुळवलेले डीएनए क्रम) वेगळे पॅटर्न, म्हणजे वेगवेगळे उभे स्तंभ, जेमतेम 2100, डीएनए-बदलाचं मॉडेल जीटीआर+जी, बदलाच्या वेगाचे (गॅमाचे) 4 वर्ग. मशीन दोन सॉकेटचं, 16-16 कोअर, हायपरथ्रेडिंग बंद.

एकाच झाडाला 32 थ्रेड (गणित वाटून घेऊन समांतर चालणारे धागे) दिले तर 8 थ्रेडपेक्षा जास्त वेळ लागतो. कारण उघड आहे: प्रत्येक थ्रेडच्या वाट्याला 65-66 पॅटर्न येतात, तेवढं गणित चुटकीसरशी होतं आणि उरलेला वेळ एकमेकांची वाट बघण्यात जातो. त्यात निम्मे थ्रेड पलीकडच्या सॉकेटवर. त्यामुळे बूटस्ट्रॅपसाठी (फाट्यांचा भरवसा तपासायला डेटाचे पुन्हा पुन्हा नमुने घेऊन झाडं काढणं) 16 वर्कर (प्रत्येक जण वेगळं झाड काढणारे थ्रेडचे गट), प्रत्येकी 2 थ्रेड असं ठरवलंय. मेमरीची अडचण नाही: 2100 पॅटर्न × प्रत्येकी 128 बाइट × झाडातले 310 आतले नोड (फाटे), म्हणजे वर्करमागे सुमारे 83 एमबी.

आता अडलंय ते इथे. वर्कर अर्धे-अर्धे सॉकेटवर बांधायला एकच प्रोसेस पुरते, की नुमासीटीएलने (प्रोसेस ठरावीक सॉकेटला बांधणारी लिनक्सची कमांड) प्रत्येक सॉकेटवर वेगळी प्रोसेस सोडावी? दोन सोडल्या तर सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) वेगळे हवेत, नाहीतर तीच रेप्लिकेट (बूटस्ट्रॅपच्या फेऱ्या) दोनदा मोजली जातील, हे ध्यानात आहे.

दुसरं, वळवाच्या पावसात इकडे लाईटचा भरवसा नसतो. चेकपॉइंटवरून (मध्येच साठवलेल्या प्रगतीवरून) पुढे चालवताना वर्करची संख्या बदलली तर चालतं का? कुणी करून बघितलं असेल तर लॉगमधल्या थ्रेडच्या ओळींसकट सांगा. आयक्यू-ट्री या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा अल्ट्राफास्ट (झटपट, अंदाजे) बूटस्ट्रॅप सुचवू नका, गाइडना साधाच बूटस्ट्रॅप हवाय.