जतमध्ये भाड्याने घर घ्यायचंय: पाणी, मीटर आणि करारात नेमकं काय बघायचं?

बदली_जत
नमस्कार. जूनमध्ये विजापूरहून जतला बदली होतेय. घरात चौघं: आम्ही दोघं, सासूबाई आणि पुढच्या वर्षी पहिलीत जाणारी मुलगी. यजमानांची नोकरी विजापुरातच राहणार, त्यामुळे एसटी स्टँडपासून चालत जाता येईल असं घर हवं. भाडं ७ हजार आणि डिपॉझिट ३० हजारांपर्यंत परवडेल.

दोन घरं बघून ठेवली आहेत. पहिलं जुनं, माळवदाचं (वर मातीचं सपाट छप्पर), स्वतंत्र, मागे परडं. मालक पुण्याला असतात. दुसरं आरसीसी, वरचा मजला, मालक खाली राहतात. पाण्याचा त्रास नाही, असं दोन्हीकडे सांगितलं. पुण्याचे मालक म्हणतात, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो, तेवढं पुरतं. गाडी केए २८ पासिंगची आहे.

होकार देण्याआधी काय काय तपासून घेऊ? जतची माहिती असणाऱ्यांनी सविस्तर सांगा.

पूर्वभाग
ताई, जतमध्ये भाड्याच्या आधी पाणी बघायचं. तालुका पर्जन्यछायेतला. "त्रास नाही" या उत्तरातून काहीच हाती लागत नाही, म्हणून प्रश्न सुटे करून विचारा. नळ किती दिवसाआड येतो, किती वाजता, किती वेळ चालतो, आणि मार्च ते जूनमध्ये हेच अंतर किती होतं? हे मालकाला विचारण्यापेक्षा शेजारच्या घरातल्या बायकांना विचारा, त्यांना पाण्याची वेळ तोंडपाठ असते.

मग साठवणीचा हिशोब घाला. काटकसरीने वापरलं तरी माणशी रोज ८० लिटर लागतं. चार माणसं आणि पाच दिवसाआड नळ म्हटलं की १६०० लिटर झाले. पाहुणे आणि एखादा चुकलेला नळ धरून २००० लिटर साठवण हवीच. गच्चीवर १००० लिटरची काळी टाकी दाखवून कुणी निभेल म्हणालं तर ते निभत नाही.

जमिनीतला हौद असेल तर टेप घेऊन जा. आतली लांबी, रुंदी आणि खोली फुटात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा, म्हणजे लिटर निघतात. ५ बाय ४ चा, ४ फूट खोल हौद म्हणजे ८० घनफूट, साधारण २२४० लिटर. त्यातून तळाचं अर्धा फूट पाणी सोडून द्या, कारण फूटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपाचं पाणी ओढणारं तोंड) गाळाच्या वर ठेवलेला असतो. म्हणजे २८० लिटर वजा. हाती उरतात १९६० लिटर. हाच हौद मालक आणि तुम्ही दोघं वापरणार असाल तर तुमच्या वाट्याला निम्मेच येतात, आणि वरच्या मजल्याच्या घरात बहुतेक वेळा असंच असतं.

वरच्या मजल्यावर आणखी एक अडचण असते. नळाचं पाणी दाबाने वर चढत नाही, ते हौदात पडतं आणि मोटरने वर चढवावं लागतं. मोटरचं बटण कुठे आहे, ते आधी बघा. बटण मालकाच्या स्वयंपाकघरात असलं आणि ते चार दिवस लग्नाला गेले, तर खाली हौद भरलेला असूनही वर तुम्ही कोरडे. बटण जिन्यात घ्यायला सांगा. वायर आणि बोर्डाचं छोटं काम आहे, मालक सहसा नाही म्हणत नाहीत.

बोअर असेल तर मोटर सलग अर्धा तास चालवायला सांगा आणि पाइपाच्या तोंडाशी उभं राहा. दहा-पंधरा मिनिटांनी धार तुटायला लागली, मधेच फसफस हवा आली, तर बोअर उपसतंय. अजून एक बघून घ्या. म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी सुटून जवळचे तलाव-ओढे भरले असतील तर त्या दिवसांत बोअर चांगलं चालतं. तेवढ्यावर विसंबू नका, एप्रिल-मेमध्ये काय होतं ते शेजारी विचारा.

पाणी किती जड आहे ते शॉवरच्या भोकांवरून आणि नळाच्या तोंडावरून कळतं. पांढरा खरखरीत थर नखाने निघत नसेल तर गिझरची कॉईल वर्षात जाम होणार. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर कुणाकडे मिळाला तर घेऊन जा. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं मानतात, आणि दुसरी सोयच नसेल तर मानकात शेवटची मर्यादा २००० आहे. त्यामुळे प्यायला २० लिटरचे जार धरूनच महिन्याचा खर्च काढा.

माण_खोऱ्यातला
वरचं सगळं बरोबर. माळवदाबद्दल थोडं सांगतो, कारण नवीन माणसं जुनं घर म्हणून ते आधीच बाजूला टाकतात.

जतचा उन्हाळा आणि उघडा स्लॅब हे अवघड गणित आहे. वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. अकरा वाजले तरी भिंतीला हात लावला की गरम लागते. सासूबाई दिवसभर घरात असणार, तर याचा विचार करा. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात किंवा वर पत्र्याची शेड असेल तर बराच फरक पडतो. माळवद मात्र वरच्या मातीच्या जाड थरामुळे दुपारीही गार असतं.

पण माळवद पावसाच्या आधी शेकरलेलं हवं. वर पांढरी माती टाकून, ती चोपून, पाण्याला पन्हाळीकडे उतार दिलेला असतो. शिडी लावून वर चढा. गवत वाढलंय, मधे खळगा पडलाय किंवा पन्हाळीचं तोंड बुजलंय, तर जोराच्या पावसात खणात पाणी ठिबकणार. खाली आल्यावर प्रत्येक तुळईला भिंतीत शिरते तिथे नाण्याने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला आणि खाली बारीक भुसा किंवा मातीची रेघ दिसली, तर वाळवी आहे. अशा घरात राहायला जाऊ नका, भाडं कितीही कमी असो. आणि दर वर्षी माती टाकायचा खर्च कोणाचा, ते करारात घ्या. तो मालकाचाच असतो, पण मालक पुण्याला असले की तो भाडेकरूच्या गळ्यात पडतो.

तारतंत्री
मीटरबद्दल लिहितो.

महावितरणचं मागचं बिल मागा. ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो. तो टाकून थकबाकी आहे का ते ऑनलाइन लगेच दिसतं. थकबाकी मालकाची असली तरी लाइट तुमची जाते.

स्वतंत्र मीटर आहे की सबमीटर (मालकाच्या मीटरखाली तुमचा वापर मोजणारा खाजगी मीटर), हा मोठा प्रश्न आहे. घरगुती दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. समजा तुमचा वापर ९० युनिट आणि मालकाचा १५०. मीटर वेगळे असतील तर तुमचे सगळे युनिट पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसतात. एकाच मीटरवर ते २४० होतात आणि त्यातले १४० दुसऱ्या टप्प्यात जातात, जिथे दर बराच जास्त आहे. मग मालक सरसकट एक दर लावतात आणि कमी वापरणारा जास्त भरतो. सबमीटरच असेल तर दर महिन्याला मूळ बिलाचा फोटो घ्यायचा आणि एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, एवढाच दर द्यायचा, असं आधीच ठरवा.

सबमीटर पळतोय का, ते एका मिनिटात कळतं. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाचा तरी लोड आहे. बऱ्याचदा जिन्याचा दिवा निघतो, कधी बोअरची मोटर. एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट खाते, म्हणून हे सोडून देऊ नका. मग बादलीत पाणी घेऊन १००० वॅटचा रॉड लावा आणि मिनिटभर दिव्याचे ठोके मोजा. मीटरवर ३२०० इम्प (एका युनिटला ३२०० ठोके) लिहिलं असेल तर मिनिटाला ५३ च्या आसपास ठोके पडायला हवेत. व्होल्टेज कमी असेल तर ४०-४५ पडतील, तेही ठीक. ६५-७० पडले तर मीटर बदलून घ्या. रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नका.

अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन पार वाळते, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि गिझर-फ्रिजला झिणझिण्या येतात. खड्डा दिसत असेल तर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओता. दिसतच नसेल तर चावी घ्यायच्या आधी नवीन करून मागा.

सांगलीकर_७२
एवढं कशाला? तालुक्याच्या गावात सगळे नोटरीवरच राहतात. ११ महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही.

दस्त_लेखन
सांगलीकर, हा समज सगळीकडे आहे, पण चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. मुदत ११ महिने असो की ३६. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ते केलं नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. हे मालकांना नीट सांगितलं की ते स्वतःहून नोंदणीला तयार होतात, कारण धोका त्यांनाच जास्त.

खर्चाला घाबरू नका. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. तुमच्या आकड्यांवर हिशोब करतो. ७००० गुणिले ११ म्हणजे ७७,०००. डिपॉझिट ३०,००० वर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ११ महिन्यांचं २७५०. बेरीज ७९,७५०. त्याचा ०.२५ टक्का म्हणजे २०० रुपये. वर नोंदणी फी, ती शहरी भागाला १००० आणि ग्रामीणला ५००. ऑनलाइन भरताना गाव निवडलं की नेमकी रक्कम तिथेच दिसते. एजंटची फी वेगळी, ती आधी विचारा.

मालक पुण्याला असल्याने काम अडत नाही. नोंदणी विभागाच्या साइटवर भाडेकरार घरबसल्या नोंदवता येतो, मालक पुण्यात अंगठा देतील आणि तुम्ही जतमध्ये. आधार, पॅन, फोटो, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम आणि दोन साक्षीदार लागतात. अडतं ते आधारवरच्या अंगठ्यापाशी. वयस्कर माणसांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन घेत नाही, म्हणून आधी एकदा चाचणी करा. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी झाली पाहिजे. शेवटी इंडेक्स २ (नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा) हातात घ्या. बँक, गॅस आणि आधारचा पत्ता बदलायला नोंदणीकृत करार कामी येतो. मुलीला पुढच्या वर्षी आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) खाजगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा विचार असेल तरी नोंदणीकृत करारच चालतो, ११ महिने किंवा जास्त मुदतीचा, अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा. नोटरी तिथे चालत नाही.

करार करायच्या आधी घरपट्टीची पावती मागा. नाव आजोबांचं आणि भाडं घेणारा नातू, असं जुन्या घरांत फार असतं. अशा वेळी बाकीच्या वारसांचं संमतीपत्र करारासोबत हवं, नाहीतर सहा महिन्यांनी चुलते दारात उभे राहतात.

करारात हे घाला: चावी परत दिल्यावर किती दिवसांत डिपॉझिट परत, कोणत्या गोष्टीची वजावट होईल, एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंना, हौद-मोटर वापराचा हक्क, टँकरचा खर्च कोणाचा. रंगाबद्दल "नैसर्गिक झीज वगळून" हे शब्द लिहून घ्या. आत जाताना प्रत्येक खोलीचा, मीटरच्या आकड्याचा आणि भिंतीवरच्या ओलीचा फोटो काढून मालकांना पाठवा. डिपॉझिटवरून भांडण झालं तर ते फोटोच कामी येतात. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई द्यावी लागते, म्हणून वाढवायचा असेल तर करार संपण्याआधी महिनाभर बोला.

भाडं यूपीआयने द्या. रोखीने ५ हजारांपेक्षा जास्त दिलं तर पावतीवर १ रुपयाचं महसूल तिकीट लागतं. तुमचं वर्षाचं भाडं ८४ हजार होतं, लाखाच्या आत, त्यामुळे घरभाडे भत्त्यासाठी मालकांचा पॅन ऑफिसला द्यावा लागणार नाही. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर भरून पोच ठेवा.

बदली_जत
फार उपयोगी पडलं, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. गाडीचं काय करू? आणि आरसीसी घराच्या मालकीणबाई फक्त कन्नड बोलतात, विजापुरात राहूनही मला मोडकंतोडकंच येतं.

पूर्वभाग
गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल तर एमएच १० नंबर घ्यावा लागतो. आधी विजापूर आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला (फॉर्म २८), मग सांगलीत नव्या नंबरसाठी फॉर्म २७ आणि इथला कर. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग नंतर अर्ज करून परत मागता येतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आधी काढा, एनओसी तिथेच अडते. यजमान गाडी विजापुरातच ठेवणार असतील तर यातलं काहीच नको.

कन्नडचं म्हणाल तर पूर्व भागात घरोघरी दोन्ही भाषा चालतात. "बाडगी एष्ट्री?" म्हणजे भाडं किती, "नीर यावाग बरतावरी?" म्हणजे पाणी कधी येतं. शेवटचा "री" सोडू नका, तो आपल्या "अहो"सारखा मानाचा आहे. पण डिपॉझिट आणि टँकरचं बोलताना मराठी वाचणारा त्यांचा मुलगा किंवा सून समोर असू द्या आणि कराराचा मसुदा त्यांच्याकडून बाईंना मोठ्याने वाचून दाखवा.

तारतंत्री
ताई, एक राहिलं. दोन्ही घरं पुन्हा बघायला जाल ते नळ न येण्याच्या दिवशी जा, आणि संध्याकाळी सात ते नऊमध्ये. हौदात उरलेलं पाणी आणि पडलेलं व्होल्टेज दोन्ही तेव्हाच दिसतं. ट्यूब फडफडत असेल तर फ्रिजसाठी स्टॅबिलायझर धरून चला.

बदली_जत
रविवारी संध्याकाळी टेप आणि रॉड घेऊन जाते. माळवदाच्या तुळया आधी ठोकून बघते, त्या भरीव निघाल्या तर तेच घर.