वाचनगट: अनुभवकथनाआधी कागद

विद्यापीठात वंशभेदावर वाचनगट सुरू करायचा, तर पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने वंशभेदाचा स्वतःचा अनुभव सांगावा, असं कोणी सुचवेल. ते शक्यतो टाळा. गटात कृष्णवर्णीय विद्यार्थी दोन-तीनच असले तर शिकवण्याचा सगळा भार त्यांच्यावर पडतो. बाकीचे हळहळतात आणि घरी जातात.

त्यापेक्षा आपल्याच विद्यापीठाचा एखादा जुना कागद मध्ये ठेवा. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाचं उदाहरण घ्या. १८३८ मध्ये ते चालवणाऱ्या मेरीलँडच्या जेझुइटांनी (कॅथलिक धर्मसंघातल्या पाद्र्यांनी) २७२ गुलाम स्त्री-पुरुष-मुलं १,१५,००० डॉलरना विकायचा करार केला; त्यातल्या पैशातून विद्यापीठाचं कर्जही फिटलं. ही कागदपत्रं आता ऑनलाइन खुली आहेत.

गट आठ-दहा जणांचा, वेळ दीड तास. सुरुवातीची पंधरा मिनिटं तिथेच वाचायला द्या, कारण बरेच जण न वाचता येतात (प्राध्यापकसुद्धा!). चालवायला दोघे हवेत: एक प्रश्न विचारेल, दुसरा कोण किती बोलतंय ते पाहील. पहिल्या फेरीत फक्त कागदात काय लिहिलंय ते; मतं नंतर. हा क्रम मोडला की चर्चा 'तो काळच तसा होता'वर अडकते. तरीही अडकलीच तर या विक्रीला परवानगी देताना रोममधल्या जेझुइट वरिष्ठांनी घातलेल्या अटी दाखवा: कुटुंबं तोडू नका, पैसा कर्जफेडीला वापरू नका. दोन्ही मोडल्या गेल्या. म्हणजे चूक काय, हे त्या काळातही माहीत होतं.

शेवटची बैठक विद्यापीठाकडे करायच्या मागणीच्या मसुद्यासाठी राखा. जॉर्जटाउनच्या विद्यार्थ्यांनी एप्रिल २०१९ मध्ये त्या विकलेल्या गुलामांच्या वंशजांसाठी दर सत्राला २७.२० डॉलर शुल्काच्या बाजूने मतदान केलं होतं.