मदत हवी आहे: दिराच्या पाठीतल्या पाण्यात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) निघालेत (ठाणे)

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या ठिकाणी असेल तर हलवा, सध्या डोकं चालत नाहीये. माझा धाकटा दीर, वय ३१, आम्ही कासारवडवलीला राहतो. बारा दिवस त्याचं डोकं असं दुखतंय की पंख्याचा आवाजपण नको होतो, आधी वाटलं सर्दी साचलीये, वाफ दिली, मग चष्म्याचा नंबर, मग सासूबाईंनी दृष्ट काढली, सगळं करून झालं. ताप जेमतेम ९९-१००. पाचव्या दिवसापासून उलट्या, मान वाकेना, आणि पाठीला-मांड्यांना नुसती चादर लागली तरी चटका बसतो म्हणायचा. आम्हाला वाटलं नाटकं करतोय, आता वाईट वाटतं.

सिटी स्कॅन नॉर्मल. एका ठिकाणी टीबीचा मेनिंजायटीस (मेंदूच्या आवरणाची सूज) म्हणून औषधं सुरूच करणार होते, तेवढ्यात पाठीतल्या पाण्याचा, म्हणजे मणक्यातून सुईने काढतात त्या मेंदूभोवतीच्या पाण्याचा, रिपोर्ट आला, पेशी ४२०, त्यात इओसिनोफिल ३६ टक्के, प्रोटीन वाढलेलं, साखर नॉर्मल. न्यूरोच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिलं काय विचारलं तर "कच्चं काय खाल्लंस?" हा म्हणतो काही नाही.

हे नेमकं कशाने होतं? रोज ६० एमजी स्टेरॉईड सुरू केलंय, त्याची भीती वाटते. जंताची गोळी एक डॉक्टर द्या म्हणतात, दुसरे नको म्हणतात. घरात चार वर्षांची मुलगी आहे, तिला लागेल का?

काचपट्टी: मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. मुलीला लागणार नाही, हे माणसाकडून माणसाला जात नाही. पाठीतल्या पाण्यात इओसिनोफिल जवळजवळ नसतातच, १० टक्क्यांच्या वर गेले की इओसिनोफिलिक मेनिंजायटीस म्हणतात. आणि पेशींना नीट रंग (स्टेन) दिला नाही तर ते साध्या पेशींत मोजले जातात, तुमच्या लॅबवाल्याने बघितलं हे नशीब. जगभर याचं मुख्य कारण उंदराच्या फुप्फुसातला जंत, अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस, १९३५ मध्ये कँटनच्या उंदरांत सापडला म्हणून हे नाव. उंदराच्या लेंड्यांतून अळ्या गोगलगायीत, गोगलगायीतून परत उंदरात, गोगलगायीतली अळी कच्च्या खाण्यातून पोटात गेली की आपण मध्येच कडमडतो. माणसात अळी मेंदूपर्यंत येते आणि तिथेच मरते, तिची सूज म्हणजे हे सगळं दुखणं. म्हणून शौचाच्या तपासणीत काही सापडत नाही. पण हे एकच कारण नव्हे, मेंदूतला पट्टकृमी, ग्नॅथोस्टोमा नावाचा दुसरा जंत, काही बुरशी, लिम्फोमा, क्वचित आयब्युप्रोफेनसारखी औषधंपण, ते डॉक्टर बघतीलच.

खाडीकाठचा: कोपरखैरणेहून. पार्टीत घोरपड खाल्ली का विचारा. केरळात कच्च्या घोरपडीमुळे अशा केसेस झाल्यात, आणि शिकार बेकायदा, त्यामुळे बायको-आईसमोर कोण कबूल करणार.

रातपाळी: स्टेरॉईडला घाबरू नका, थायलंडमध्ये याच डोसची, दोन आठवडे, चाचणी झाली होती, डोकेदुखी लवकर गेली. शुगर मात्र तपासत राहा, आणि मनाने बंद करू नका. गोळीचं भांडण असं की सगळे जंत एकदम मेले तर सूज वाढेल अशी भीती, म्हणून काहीजण देतच नाहीत आणि काहीजण स्टेरॉईडसोबत देतात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, तुम्ही निरोप्या होऊ नका. पुन्हा पाणी काढायचं म्हणाले तर नाही म्हणू नका, प्रेशर कमी होऊन आराम पडतो.

धागाकर्ती: घोरपड नाही हो, शाकाहारी आहे तो! पण काल रात्री बोलता बोलता निघालं. महिनाभर जिमच्या नादात पालक-पुदिन्याचा कच्चा ज्यूस पीत होता, पालक आमच्या गच्चीवरच्या ग्रो बॅगमधला, आणि या पावसात तिथे शंखाच्या एवढाल्या गोगलगायी, पानांवर चिकट रेघा. मिक्सरमध्ये मीच फिरवून द्यायचे. धुवायचे, पण आपण धुतो तसं, नळाखाली एकदा. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले हे धरून चालायला हरकत नाही, खाल्ल्यापासून एक ते तीन आठवड्यांत त्रास सुरू होतो तेही जुळतंय.

आज उलट्या थांबल्यात. पण डावा डोळा बाहेर वळत नाही, दोन दोन दिसतं. कोणाचा असा डोळा पूर्ण बरा झालाय का, किती दिवस लागले? आणि दोनदा तो ज्यूस मीपण प्यायले होते, मला काही होत नाहीये, तरी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करून घेऊ?

काचपट्टी: घ्या करून, रिपोर्टमध्ये इओसिनोफिलचा आकडा बघा. डोकं दुखायला लागलं तर रिपोर्टची वाट न बघता जा.