माझं सिकलसेलचं एएस पॅटर्न, मुलाची 'सोल्युबिलिटी निगेटिव्ह'. एवढ्यावर लग्नाला हो म्हणावं का?

साकोलीची_पोर

माझं वय 26. गाव भंडारा जिल्ह्यात, नोकरी नागपूरला. कॉलेजात असताना आरोग्य खात्याचं शिबिर झालं होतं, तेव्हा 'सिकलसेल वाहक, एएस' असं कार्ड हातात दिलं, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराची एक जनुक माझ्यात आहे, आजार नाही. मला कधीच काही त्रास नाही, त्यामुळे ते कार्ड आईच्या पेटीत पडून राहिलं. आता लग्न ठरतंय. मी मुलाला आपणहून सांगितलं. त्याने कुरकुर न करता तालुक्याच्या पॅथॉलॉजीत तपासणी केली. रिपोर्ट: सोल्युबिलिटी निगेटिव्ह. दोन्ही घरचे म्हणतात, झालं, मोकळे. फक्त त्याची मावशी म्हणते, पोरीच्या रक्तातच खोट आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. निगेटिव्ह म्हणजे खरंच मोकळे का? आणि हे माझ्यात आलं कुठून? आईबाबा दोघंही धडधाकट आहेत. हा बदल माझ्यातच नव्याने झाला असेल का?

वैनगंगावाला

काई टेन्शन नोको घेऊ ताई. माह्या बायकोचं बी एएसच निंघालं होतं, माहं नॉर्मल. दोन पोट्टे हायेत, एक साधा, एक एएस. दोघंबी दिवसभर हुंदडतात. तुह्या होणाऱ्या नवऱ्याचं निगेटिव्ह आलं नं, मंग विषय खतम.

स्लाइडवाली_काकू

विषय खतम नाही, भाऊ. तुमच्याकडे निभावलं, चांगलंच झालं, पण या पोरीला अर्धवट उत्तर देऊ नका.

मी गडचिरोलीकडच्या ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. सोल्युबिलिटी म्हणजे काय, ते मी हाताने केलेलं सांगते. नळीत औषधाचं पाणी, त्यात बोटातून काढलेलं थोडंसं रक्त. औषधाने तांबड्या पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन निघून जातो. मग नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात एस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे. बस, एवढंच. एएस (एकाच पालकाकडून एस आलेला वाहक) आहे की एसएस (दोघांकडून एस आलेला, म्हणजे प्रत्यक्ष आजार) हेसुद्धा ती नळी सांगत नाही. शिबिरात शेकडो माणसं तपासायला ती उत्तम, स्वस्त आणि झटपट. पण लग्नाचा निर्णय तिच्यावर ठरवायचा नसतो.

कारण मुलाच्या रक्तात एस नसेल, पण थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा, वाहकपणा असू शकतो. तोही माणूस तुझ्यासारखाच धडधाकट दिसतो आणि सोल्युबिलिटीत बिनधास्त निगेटिव्ह येतो. मग पोटातल्या बाळाला तुझ्याकडून एस आणि त्याच्याकडून थॅलेसेमिया मिळाला, तर त्याला एस-बीटा थॅलेसेमिया होतो. त्याचे काही प्रकार एसएसइतकेच छळतात. हिमोग्लोबिन डी आणि ई या आणखी दोन बदललेल्या प्रकारांचंही तसंच, ते एससोबत आले तर भानगड होऊ शकते, आणि नळीला तेही कळत नाहीत.

म्हणून त्याचं एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजणारी तपासणी) आणि सोबत साधं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घे. एचपीएलसीत 'ए२' नावाचा आकडा बघ. 3.5 टक्क्यांच्या वर गेला की थॅलेसेमियाचा संशय धरतात. सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, 80 च्या खाली, तरीही संशय. अंगात लोह फार कमी असेल तर ए२ थोडा खाली दिसतो, त्यामुळे दोन्ही रिपोर्ट एकत्र वाचणारा डॉक्टर हवा. तुझं कार्ड शिबिरातलं आहे, त्यामागे नुसती नळी होती की पक्की तपासणी, देव जाणे. तर तुझंही एचपीएलसी कर. वाहकाच्या रक्तात एस साधारण 30 ते 40 टक्के निघतो, अर्ध्याहून कमी.

आता कुठून आलं. बाबांकडून नाहीतर आईकडून. दोघांपैकी एक जण नक्की एएस असणार, आणि वाहकाला त्रास नसतो म्हणून कुणाला पत्ताच नाही. तुझ्यात नव्याने काही झालेलं नाही. नव्याने होणारे बदल वेगळे असतात: बुटकेपणाचा अकोंड्रोप्लासिया नावाचा प्रकार आहे, त्यात बहुतेक वेळा आईबाप सामान्य उंचीचे असतात आणि बदल त्या लेकरापासूनच सुरू होतो. सिकलसेलचा बदल मात्र हजारो वर्षं जुना, पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला. 11 क्रमांकाच्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनची जनुक आहे, तिच्यात एकच अक्षर बदललेलं असतं, 'ए'च्या जागी 'टी'. त्यामुळे 146 दुव्यांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन कमी झाला की असे रेणू एकमेकांना चिकटून दांडे तयार करतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. साध्या तांबड्या पेशी 120 दिवसांच्या आसपास टिकतात, एसएसवाल्याच्या दहावीस दिवसांत मोडतात.

खोट म्हणणाऱ्या मावशीला सांग, हा बदल टिकला तो मलेरियामुळे. वाहक लेकरं जीवघेण्या मलेरियातून जास्त वाचली. 1954 मध्ये ॲलिसन नावाच्या डॉक्टरने हे आफ्रिकेत दाखवून दिलं. आपल्याकडे जंगलपट्ट्यात मलेरिया काही कमी नव्हता.

तर्कट_पुणेकर

हे सगळं नात्यात लग्न केल्यामुळे होतं ना? मामेबहीण, आतेबहीण बंद केलं की प्रश्न मिटेल.

स्लाइडवाली_काकू

@तर्कट नाही मिटणार. नात्यात लग्नाने धोका वाढतो, हे खरं. पण जिथे एकेका समाजात वाहकच बरेच आहेत, तिथे एकमेकांचं तोंडही न पाहिलेली दोन घरं जोडली तरी एएसला एएस भेटतो. गडचिरोलीत, नंदुरबारात हेच होतं. आणि हा फक्त आदिवासींचा आजार, हेही डोक्यातून काढा. माझ्याकडे सगळ्या आडनावांच्या नळ्या गढूळ झाल्या आहेत.

बल्लारपूर_आई

आम्ही दोघंही एएस. लग्नाआधी कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मुलगा एसएस. आठ महिन्यांचा असताना हातापायाचे पंजे सुजले, सासूबाईंनी दृष्ट काढली, एका डॉक्टरांनी मुरगळलं असेल म्हणून क्रेप बँडेज दिलं. निदान व्हायला वर्ष गेलं. आता हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड रोज चालू आहे, दुखण्याचे झटके बरेच कमी झालेत. थंडीत मात्र घरात सगळे त्याच्या मागे पाण्याचा ग्लास घेऊन फिरतो. शाळेत बाईंना लेखी दिलंय की लघवीला वारंवार सोडा. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यात सिकलसेल आहे, त्याचं प्रमाणपत्रही काढलं.

दोघंही एएस असतील तर दर खेपेला एसएसची शक्यता 25 टक्के. लोकांना वाटतं, एकदा एसएस झाला म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नसतं, प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. दुसऱ्या वेळी आम्ही तिसऱ्या महिन्यात नागपूरला वारेचा तुकडा काढून तपासणी केली. मुलगी एएस निघाली. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले, ते विचारू नका. पोरी, तुला आत्ताच कळतंय, आत्ताच पूर्ण तपासून घे.

साकोलीची_पोर

काकू, ताई, खूप आभार. दोघांचं एचपीएलसी नागपूरला केलं. माझा एस 36 टक्के. त्याचा एस नाही, ए२ 2.7, एमसीव्ही 86, हिमोग्लोबिन 14.8. डॉक्टर म्हणाले चांगलं आहे, पण तुम्हीही बघा.

स्लाइडवाली_काकू

डॉक्टरांचं बरोबर आहे. त्याच्याकडे एस नाही, थॅलेसेमियाचंही लक्षण नाही. तुमचं लेकरू एसएस होणार नाही. दर खेपेला निम्मी शक्यता एएस, निम्मी साधं. एएस निघालं तर त्याच्या लग्नाच्या वेळी त्याच्या जोडीदाराचं हेच सगळं करायचं. दोन्ही रिपोर्टचे फोटो काढून ठेव, पेटीत नको.

मावशींनाही सरकारी दवाखान्यात घेऊन जा, तिथे तपासणी फुकट होते. मूळच्या कुठल्या त्या, चंद्रपूरकडच्या की काय? आणि तुझ्या भावाबहिणींचं कार्ड निघालंय का? तुला आलं तसं त्यांनाही यायची निम्मी शक्यता आहे.